तराजू आणि वकालतपत्र

कळमन्याच्या बाजार आवारात धान्याचा लिलाव संपला की माल काट्यावर चढतो. बोली लावणारा खरेदीदार वेगळा, शेतकऱ्याच्या वतीने माल विकणारा अडत्या वेगळा आणि वजन करणारा मापाडी वेगळा. मापाड्याला त्याची तोलाई मिळते. मालाचा भाव चढो वा उतरो, त्याच्या मोबदल्यात फरक पडत नाही. हाच मापाडी एखाद्या खरेदीदाराचा गुप्त भागीदार आहे असे उद्या उघडकीस आले, तर त्याने केलेले प्रत्येक वजन संशयास्पद ठरेल. मग काटा अचूक असला तरी त्याचा उपयोग नाही. व्यापारी समाजाला हे तत्त्व शिकवावे लागत नाही. तेच तत्त्व न्यायासनाला लावले म्हणजे एक जुना आणि महत्त्वाचा प्रश्न समोर येतो: जो न्याय देतो त्याने वकिलीही करावी काय, आणि केली तर त्याला जाब कोणी विचारावा?

नागपूरकरांना या प्रश्नाचे विशेष महत्त्व आहे, कारण हे शहर न्यायालयांचे शहर आहे. १९३६ मध्ये येथे स्वतंत्र उच्च न्यायालय स्थापन झाले. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर त्या जागी मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. न्यायमूर्ती मोहम्मद हिदायतुल्ला यांनी येथेच वकिली केली, महाधिवक्तापद सांभाळले, १९४६ मध्ये ते येथील न्यायमूर्ती झाले आणि १९६८ मध्ये भारताचे सरन्यायाधीश. अलीकडच्या काळात न्यायमूर्ती शरद बोबडे आणि न्यायमूर्ती भूषण गवई हेही नागपूर खंडपीठातील वकिलीतूनच सरन्यायाधीशपदापर्यंत पोहोचले. काल ज्या न्यायदालनात उभे राहून युक्तिवाद केला, त्याच दालनात उद्या उच्चासनावर बसायचे, हे आपल्या न्यायव्यवस्थेतील नित्याचे दृश्य आहे. समोर उभे असलेले वकील कालचे सहकारी असतात आणि काही पक्षकार कालचे अशील असतात. म्हणूनच या दोन भूमिकांमधील रेषा ठळक असावी लागते.

ही रेषा कायद्याने अनेक ठिकाणी आखली आहे. न्यायाधीशपद स्वीकारताना वकिलाला आपली सनद स्थगित करून घ्यावी लागते. सनद स्थगित झाली की तो कायद्याच्या दृष्टीने वकील राहत नाही, आणि वकिलीचा अधिकार नसताना वकिली करणाऱ्यास अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ४५ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. जिल्हा व तालुका न्यायालयांतील न्यायाधीशांना शासकीय सेवकांच्या वर्तणूक नियमांचेही बंधन असते. पूर्वपरवानगीवाचून खासगी व्यवसाय वा नोकरी त्यांना निषिद्ध आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम २०२ ने लोकसेवकाने बेकायदा व्यापार करणे हा गुन्हा ठरविला आहे. वकिली हा त्या कलमाच्या अर्थाने 'व्यापार' ठरतो की नाही, यावर वाद होऊ शकतो. परंतु शिस्तभंगाच्या कारवाईला त्या वादाने बाध येत नाही.

एक बारीक तरतूद तर फार जुन्या अनुभवातून आली आहे. पूर्वी प्रतिष्ठित नागरिकांना, त्यांत वकीलही आले, मानद दंडाधिकारी नेमण्याची पद्धत होती. सकाळी दंडाधिकारी म्हणून निकाल द्यायचा आणि दुपारी त्याच परिसरात वकील म्हणून उभे राहायचे, असा प्रसंग येऊ नये म्हणून फौजदारी प्रक्रिया संहितेत स्पष्ट मनाई घातली गेली: ज्या स्थानिक क्षेत्रातील दंडाधिकाऱ्याच्या न्यायालयात एखादा वकील वकिली करतो, त्या न्यायालयात किंवा त्याच्या हद्दीतील कोणत्याही न्यायालयात त्याने दंडाधिकारी म्हणून बसू नये. १९७३ च्या संहितेतील कलम ४८० ची ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५२६ मध्ये आहे. तिच्या अगोदरच्याच कलमात आणखी एक नियम आहे. ज्या खटल्यात न्यायाधीश स्वतः पक्षकार आहे किंवा ज्यात त्याचा वैयक्तिक हितसंबंध आहे, तो खटला त्याने अपील न्यायालयाच्या परवानगीशिवाय चालवू नये.

या बंधनांमागे तीन कारणे आहेत. पहिले कारण वेळेचे. न्यायाधीशाचा वेळ हा प्रलंबित पक्षकारांचा वेळ असतो. तो खासगी कामाकडे वळला की कोणाची तरी तारीख पुढे जाते. दुसरे कारण प्रभावाचे. न्यायाधीशाने लिहून दिलेली नोटीस किंवा त्याने तपासलेला दस्तऐवज समोरच्या पक्षाला कागद म्हणून दिसत नाही, त्यामागचे पद दिसते. तिसरे कारण ऋणाचे. ज्याच्याकडून फी घेतली त्याच्याविषयी मनात एक कोपरा हळवा होतो, आणि तो झाला नाही तरी लोक तसे मानतात. सावकाराने आपल्याच ऋणकोच्या वादात पंच होऊ नये, असा संकेत आपल्याकडे पूर्वीपासून आहे. त्यामागे हीच जाणीव आहे.

महाराष्ट्राच्या न्यायिक इतिहासात या विषयाला सर्वांत जवळचे ठरणारे प्रकरण १९९५ चे आहे. न्यायमूर्ती ए. एम. भट्टाचार्जी तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. त्यांनी लिहिलेल्या कायदेविषयक पुस्तकाच्या परदेशातील प्रकाशनहक्कासाठी लंडनच्या एका प्रकाशकाकडून ८० हजार डॉलर इतके मानधन ठरल्याची माहिती पुढे आली. कायद्यावर ग्रंथ लिहिणे न्यायाधीशाला निषिद्ध नाही. उलट अनेक थोर न्यायाधीशांनी मोलाचे ग्रंथ लिहिले आहेत. आक्षेप होता तो रकमेच्या प्रमाणावर. अभ्यासग्रंथाला साधारणतः मिळणाऱ्या मानधनाशी ही रक्कम जुळत नाही, तेव्हा ती नेमकी कशाबद्दल आहे, असा प्रश्न मुंबईतील वकील संघटनांनी उपस्थित केला. त्यांनी राजीनाम्याची मागणी करणारे ठराव केले आणि मुख्य न्यायमूर्तींनी पदत्याग केला. आरोपाची रीतसर चौकशी झालीच नाही, त्यामुळे तो सिद्धही झाला नाही आणि खोटाही ठरला नाही.

त्यानंतर सी. रविचंद्रन अय्यर या वकिलांनी दाखल केलेल्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने ५ सप्टेंबर १९९५ रोजी निर्णय दिला, आणि तोच निर्णय पुढील व्यवस्थेचा पाया ठरला. न्यायालयापुढील पेच खरा होता. राज्यघटनेप्रमाणे उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींना केवळ संसदेच्या दोन्ही सभागृहांनी विशेष बहुमताने ठराव केल्यावरच पदावरून दूर करता येते, आणि तेही सिद्ध झालेल्या गैरवर्तनासाठी किंवा अक्षमतेसाठी. मग जे वर्तन पदच्युतीइतके गंभीर नाही, पण पदाला शोभणारेही नाही, त्याचे काय करायचे? वकील संघटनांनी ठराव करून दडपण आणणे न्यायालयाने अमान्य केले, कारण आज योग्य कारणासाठी वापरलेले दडपण उद्या एखाद्या निर्भीड न्यायमूर्तीविरुद्धही वापरले जाऊ शकते. त्याऐवजी वकील संघटनेने आपली माहिती मुख्य न्यायमूर्तींकडे द्यावी, आणि आरोप मुख्य न्यायमूर्तींवरच असेल तर ती थेट सरन्यायाधीशांकडे द्यावी, असा मार्ग न्यायालयाने आखून दिला.

यातून दोन गोष्टी आकाराला आल्या. ७ मे १९९७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या सर्व न्यायमूर्तींनी न्यायिक जीवनमूल्यांची सोळा कलमी संहिता स्वीकारली. न्यायमूर्तींनी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे व्यापार-व्यवसाय करू नये, मात्र कायद्यावरील ग्रंथलेखन हा व्यवसाय समजू नये. शेअर बाजारात सट्टा करू नये. ज्या कंपनीत भाग आहेत तिचे प्रकरण, ते भाग जाहीर करून कोणाची हरकत नसल्याखेरीज, ऐकू नये. जवळचा नातलग वकील असेल तर त्याला आपल्यापुढे उभे राहू देऊ नये. आणि न्यायमूर्ती राहतात त्या घराचा वापर त्या नातलगाने वकिलीच्या कामासाठी करू नये, असे त्यात सांगितले आहे. व्यापारी घरातील वाचकाने ही कलमे अवश्य समजून घ्यावीत, कारण ती ताळेबंदाइतकी स्पष्ट आहेत. दुसरी गोष्ट म्हणजे १९९९ मध्ये स्वीकारलेली अंतर्गत चौकशीची पद्धत. तिच्यात वरिष्ठ न्यायमूर्तींची समिती आरोपांची छाननी करते, आणि गरज पडल्यास सरन्यायाधीश संबंधित न्यायमूर्तींना राजीनामा देण्यास सुचवू शकतात किंवा त्यांच्याकडील न्यायिक काम काढून घेऊ शकतात.

वकिलीचे जुने ओझे न्यायासनावर नेल्याने काय होते, याचे उदाहरण कोलकात्याने दाखविले. सौमित्र सेन हे वकील असताना १९८४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने त्यांना एका दाव्यातील मालाच्या विक्रीसाठी रिसीव्हर नेमले. विक्रीतून सुमारे ३३ लाख रुपये त्यांच्या ताब्यात आले. ही रक्कम न्यायालयाची ठेव होती. तिचा स्वतंत्र हिशेब ठेवणे आणि तो वेळोवेळी सादर करणे हे रिसीव्हरचे कर्तव्य. डिसेंबर २००३ मध्ये सेन त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, तरी हिशेब सादर झाला नव्हता. अखेर न्यायालयाने २००६ मध्ये व्याजासह सुमारे ५२ लाख रुपये भरण्याचा आदेश दिला आणि मग ती रक्कम भरली गेली. पैसे परत आले म्हणून प्रश्न मिटला नाही. अंतर्गत समितीने चौकशी केली, सरन्यायाधीशांनी पदच्युतीची शिफारस केली आणि १८ ऑगस्ट २०११ रोजी राज्यसभेने पदच्युतीचा ठराव मोठ्या बहुमताने संमत केला. लोकसभेत ठराव येण्यापूर्वीच, १ सप्टेंबर २०११ रोजी, सेन यांनी राजीनामा दिला.

हिशेबाची सवय असलेल्या माणसाला या प्रकरणातील मर्म लगेच उमगेल. विश्वस्ताकडे आलेला पैसा त्याच्या स्वतःच्या खात्यात मिसळला की, तो पुढे पूर्ण परत केला तरी मधल्या काळाचा डाग पुसला जात नाही. पेढीवर अनामत रक्कम आणि स्वतःची रक्कम वेगळ्या खात्यांत का ठेवतात, याचे उत्तर यात आहे. वकिलीतून न्यायासनाकडे जाणाऱ्याने तर आपल्या नावावरील अशी प्रत्येक खतावणी शपथविधीपूर्वीच मिटवली पाहिजे.

उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींची ही व्यवस्था झाली. खालच्या न्यायालयांतील न्यायाधीशांवर नियंत्रण ठेवण्याचे काम राज्यघटनेच्या अनुच्छेद २३५ ने उच्च न्यायालयाकडे सोपविले आहे. तक्रार आली की उच्च न्यायालय प्राथमिक चौकशी करते, निलंबन करू शकते, आरोपपत्र देऊन विभागीय चौकशी चालवते आणि बडतर्फीसारखी मोठी शिक्षा द्यायची असेल तर राज्यपालांकडे शिफारस करते. न्यायाधीशालाही बचावाची पूर्ण संधी मिळते. महाराष्ट्रातील न्यायिक अधिकाऱ्यांच्या बडतर्फीच्या दोन प्रकरणांत मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायपीठांनी बडतर्फीचे आदेश रद्द केले होते. सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा कायम केले. चौकशी रीतसर झाली असेल आणि निष्कर्षाला पुरावा असेल, तर न्यायालयाने त्या पुराव्याचे अपिलासारखे पुन्हा वजन करू नये, हे त्यातून ठरले. शिस्तीची यंत्रणा दुबळी नाही. ती संथ आहे, आणि तिचे बरेचसे काम जनतेच्या नजरेआड होते.

आता नाण्याची दुसरी बाजू. न्यायाधीशाने वकिली करू नये, तसेच वकिलानेही दुसरा व्यवसाय करू नये, असा आपला कायदा आहे. मुंबईतील डॉ. हनीराज चुलानी हे शल्यविशारद कायद्याचे पदवीधर झाले आणि वैद्यकी चालू ठेवूनच त्यांनी सनद मागितली. महाराष्ट्र व गोवा बार कौन्सिलने ती नाकारली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये बार कौन्सिलचा नियम वैध ठरविला. वकिली हा पूर्ण निष्ठा मागणारा व्यवसाय आहे आणि रुग्ण व अशील दोघेही एकाच वेळी वाट पाहत असतील तर त्यांपैकी एकावर अन्याय होणारच, असा त्या निर्णयाचा आशय. व्यापारी कुटुंबांना याचा थेट संबंध येतो. घरातील मुलगा वा मुलगी वकील झाली, तर वडिलोपार्जित पेढीतील वाटा त्यांना ठेवता येतो. मात्र पेढीच्या कारभारात प्रत्यक्ष भाग घेता येत नाही. भागीदारीत ते केवळ निष्क्रिय भागीदार राहू शकतात, आणि तोही व्यवसाय वकिलीच्या प्रतिष्ठेशी विसंगत नसेल तरच. कंपनीचे संचालक होता येते, व्यवस्थापकीय संचालक होता येत नाही. पेढीच्या बिलांवर, बँकेच्या कागदांवर आणि कराच्या विवरणांवर वकील मुलाची सही सर्रास घेणाऱ्या घरांनी हे नियम एकदा वाचून पाहावेत.

जगात इतरत्रही याच रेषा आहेत, फक्त त्यांची जाडी कमी-अधिक आहे. अमेरिकेत संघराज्याच्या न्यायाधीशाने वकिली करणे हा कायद्यानेच गंभीर अपराध ठरविला आहे. तेथील आदर्श आचारसंहिता मात्र न्यायाधीशाला कुटुंबीयांना विनामोबदला सल्ला देण्याची आणि त्यांची कागदपत्रे तपासण्याची मुभा देते. त्यांच्या वतीने कोठेही उभे राहण्याची मुभा देत नाही. न्यूयॉर्क राज्यातील लहान गावांच्या न्यायालयांत अंशकालीन न्यायाधीश वकिलीही करतात, परंतु ठरावीक मर्यादेत. इंग्लंडमध्ये पूर्णवेळ वेतनधारी न्यायाधीशाला वकिली वर्ज्य आहे. मात्र रेकॉर्डर म्हणून ओळखले जाणारे अंशकालीन न्यायाधीश वर्षातील काही आठवडे न्यायदान करतात आणि उरलेला काळ वकिली. आपल्या बंगळुरूत २००१ मध्ये ज्यांचा पहिला मसुदा झाला, ती न्यायिक वर्तनाची बंगळुरू तत्त्वे २००२ मध्ये पक्की झाली. पदावर असताना न्यायाधीशाने वकिली करू नये, हे त्यांतही नमूद आहे.

इंग्लंडच्या उदाहरणावरून कोणी म्हणेल की अंशकालीन न्यायाधीश चालत असतील तर आपल्याकडे इतकी कठोरता कशासाठी? खटल्यांचे ढीग साचले आहेत, अनुभवी वकिलांनी काही दिवस न्यायदान केले तर काय बिघडले? हा युक्तिवाद पूर्णपणे टाकाऊ नाही. पण आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी वकील, पक्षकार आणि न्यायाधीश एकमेकांना तीन पिढ्यांपासून ओळखतात. जेथे ओळख दाट असते तेथे अंतर नियमानेच राखावे लागते. या बाबतीत राज्यघटनेनेही सावध पावले टाकली. मूळ घटनेत उच्च न्यायालयाचा न्यायमूर्ती निवृत्तीनंतर भारतात कोठेही वकिली करू शकत नव्हता. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ही मनाई सैल केली. आता कायम न्यायमूर्ती सर्वोच्च न्यायालयात आणि ज्या उच्च न्यायालयांत ते स्वतः न्यायमूर्ती नव्हते अशा अन्य उच्च न्यायालयांत वकिली करू शकतात. त्याच दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंतच्या मुदतीचे अतिरिक्त न्यायमूर्ती नेमण्याची सोय केली. अनुच्छेद २२० ची मनाई कायम न्यायमूर्तींनाच लागू असल्याने, जे अतिरिक्त न्यायमूर्ती कायम होत नाहीत ते पुन्हा त्याच न्यायालयात वकील म्हणून उभे राहू शकतात. ही फट आजही उघडी आहे आणि तिचा विचार व्हायला हवा.

न्यायाधिकरणांबाबत तर व्यापाऱ्यांना अधिक दक्ष राहायला हवे. सीमाशुल्क कायद्याच्या कलम १२९ मधील तरतुदीनुसार अपील न्यायाधिकरणाचा सदस्य पद सोडल्यावर त्याच न्यायाधिकरणापुढे वकिली करू शकत नाही. ही बंदी जाचक आहे असे म्हणणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये फेटाळली. ज्या खुर्चीवर काल आपण बसत होतो, तिच्यासमोर आज अशिलासाठी उभे राहणे लोकांच्या विश्वासाला तडा देते, असा त्यामागचा विचार.

कायद्याच्या पुस्तकातून हा विषय घरात आणला म्हणजे त्याची खरी कसोटी लागते. प्रतापनगरातील एखाद्या घराचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वडिलांचे इतवारीत दुकान, थोरला मुलगा व्यवसायात, धाकटी मुलगी विधी पदवीधर. २० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. त्यामुळे ती मुलगी न्यायाधीश होईल तेव्हा तिच्यामागे तीन वर्षांचे अशील, वकालतपत्रे आणि काही येणे-देणे असणार. निवड झाल्याच्या आनंदात पेढे वाटले जातात. पण त्याच आठवड्यात तिने प्रत्येक वकालतपत्रातून आपले नाव कमी करून घेतले पाहिजे, अशिलांची कागदपत्रे पोचपावती घेऊन परत केली पाहिजेत, आगाऊ घेतलेली व न केलेल्या कामाची फी परत केली पाहिजे आणि सनद स्थगितीचा अर्ज केला पाहिजे. तिच्या नावाची पाटी घरावरून उतरली पाहिजे.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. रविवारी काका येतात. दुकानाच्या भाड्याचा वाद आहे, समोरच्याची नोटीस आली आहे. "बेटा, नुसती नजर टाक. उत्तर आमचे वकीलच देतील." हे शब्द प्रेमाचे असतात आणि मागणीही किरकोळ वाटते. पण त्या नोटिशीचे उत्तर 'घरातल्या जजसाहेबांनी पाहिले आहे' ही बातमी दुसऱ्या दिवशी बाजारात पोहोचते. समोरचा भाडेकरू आपला दावा मनातल्या मनात हरतो आणि त्याचा न्यायालयावरील विश्वास त्याच क्षणी संपतो. मुलीने एक पैसाही घेतलेला नसतो. तिने "काका, हे मला पाहता येणार नाही, चांगल्या वकिलांचे नाव बाबा सांगतील," असे म्हटले तर काही दिवस घरात गैरसमज राहील. तो सोसणे हा तिच्या पदाचा भाग आहे. आणि ती वेळच तिच्यावर न आणणे, हा तिच्या कुटुंबाचा धर्म आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती अतुल श्रीधरन यांनी २०२३ मध्ये स्वतःहून राज्याबाहेर बदली मागितली, कारण त्यांची मुलगी इंदूरला वकिली सुरू करणार होती. कायद्याने त्यांच्यावर तशी सक्ती नव्हती. विधी आयोगाने मात्र २००९ च्या आपल्या २३० व्या अहवालात, ज्यांचे आप्त तेथेच वकिली करतात अशांना त्याच उच्च न्यायालयावर नेमू नये, असे सुचविले होते.

हाच विवेक समाजातील पंचांनाही लागू आहे. व्यापाऱ्यांचे बरेच वाद न्यायालयात न जाता ज्येष्ठांच्या मध्यस्थीने मिटतात आणि ते चांगलेच आहे. परंतु ज्या ज्येष्ठाने एका पक्षाला आधीच सल्ला दिला आहे, त्याच्या पेढीचे हिशेब पाहिले आहेत किंवा त्याच्याशी भागीदारी केली आहे, त्याने पंच होऊ नये. लवाद कायद्यात २०१५ च्या दुरुस्तीने हेच नियम लेखी झाले: पक्षकाराचा सल्लागार, वकील किंवा व्यावसायिक संबंध असलेली व्यक्ती लवाद म्हणून अपात्र आहे, आणि वाद उत्पन्न झाल्यावर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच ती अपात्रता दूर होते. कर्जाच्या किंवा पुरवठ्याच्या करारात 'लवाद आम्हीच नेमू' असे एका पक्षाचे कलम असेल, तर त्यावर सही करण्यापूर्वी वकिलाचा सल्ला घ्यावा. २०१९ च्या एका निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की, निकालात ज्याचा हितसंबंध आहे त्याने एकतर्फी एकल लवाद नेमू नये.

आणि एखादा न्यायाधीश खरोखरच पडद्याआडून वकिली करतो, असे कोणाच्या लक्षात आले तर? चहाच्या टपरीवर किंवा मोबाईलवरील समूहात त्याची चर्चा करणे हा सर्वांत वाईट मार्ग, कारण त्याने दोषी सावध होतो आणि निर्दोष बदनाम होतो. योग्य मार्ग उच्च न्यायालयाकडे लेखी तक्रार करण्याचा आहे. निनावी अर्जाला सहसा किंमत नसते. तक्रारीसोबत शपथपत्र आणि पडताळून पाहता येईल असा पुरावा हवा: तारीख, कागद, पावती, साक्षीदार. आपल्याविरुद्ध निकाल गेला एवढ्याच कारणावरून तक्रार करू नये. चुकीच्या निकालावरचा उपाय अपील हा आहे, शिस्तभंगाची कारवाई नव्हे. हा भेद न पाळल्यामुळे खऱ्या तक्रारीही रागाच्या तक्रारींच्या ढिगाऱ्यात दबून जातात.

नियम कितीही केले तरी न्यायाधीशाच्या घराच्या दिवाणखान्यात नियम बसून राहत नाही. तेथे त्याचा स्वतःचा संकोच आणि त्याच्या नातलगांची समज हेच पहारेकरी असतात. पेशवाईतील रामशास्त्री प्रभुणे यांचे नाव अडीच शतकांनंतरही महाराष्ट्रात आदराने घेतले जाते, ते त्यांच्या पांडित्यापेक्षाही त्यांच्या निःस्पृहतेमुळे. नारायणराव पेशव्यांच्या वधाबद्दल सत्ताधाऱ्यालाच दोषी ठरवून त्यांनी पद सोडले. तसे करणे त्यांना शक्य झाले, कारण कोणाच्याही खतावणीत त्यांच्या नावावर येणे नव्हते. ज्या घरातून उद्या कोणी न्यायासनावर बसणार आहे, त्या घराने आजच आपल्या वह्यांतील ते पान कोरे ठेवण्याची सवय लावून घ्यावी.